‘लाईट हलवू नको’ : चिंकाऱ्यावर मारलेला फोकस आणि पुढची कोर्टकचेरी

पार्श्वभूमी

मी खान्देशात एका तालुक्याच्या कोर्टात वकिली करतो आणि हे प्रकरण माझ्याकडे रात्री पाऊण वाजता फोनवरून आलं. गाव, माणसं, तालुका सगळं झाकून लिहितोय, ओळख पटेल असे दोन-चार तपशील बदललेत, पण कोणी कधी काय ठरवलं आणि कायदा कुठे आडवा आला ते जसंच्या तसं आहे.

धुळे जिल्ह्याच्या कोरड्या पट्ट्यातलं गाव. एका बाजूला शेती, दुसऱ्या बाजूला माळ, आणि माळाला लागून वनखात्याची जमीन. ज्यांचा फोन आला ते शेतकरी आप्पा, त्यांची तिथे सात एकर, त्यातली कपाशी निघालेली आणि तीन एकरात हरभरा. हरभरा घाट्यावर आला की रोही (नीलगाई) येतात, डुकरं येतात, कधीमधी माळावरचे चिंकारे पण बांधाला दिसतात. आणि शेतीची थ्री फेज लाईट एक आठवडा दिवसा तर एक आठवडा रात्री, त्यामुळे पाणी भरायला रात्री जावंच लागतं, आणि रात्री जायचं म्हणजे बॅटरी लागतेच. आमच्याकडे टॉर्चला बॅटरीच म्हणतात. आप्पांकडे साधी बॅटरी होतीच, पण वर्षभरापूर्वी त्यांनी चार्जिंगचा मोठा फोकस घेतला होता, तीन शेतं पलीकडचं बोराचं झाड दिसेल असा.

थोडक्यात, खान्देशात रात्री शेतात फोकस घेऊन उभा असलेला माणूस म्हणजे शिकारी नाही, तो नव्व्याण्णव वेळा शेतकरीच असतो. हे वनखात्याच्या गार्डलाही माहीत असतं.

त्या रात्री काय झालं

डिसेंबरातला शनिवार होता. आप्पांचा भाचा नाशिकला नोकरीला, तो तीन मित्र घेऊन आला भरीत पार्टीला. थंडीत आमच्याकडे हे चालतंच, मळ्यात कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजायची, हिरवी मिरची, शेंगदाणे, कांद्याची पात, सोबत कळण्याची भाकरी, आणि मग शेकोटीला बसून गप्पा. जेवणं झाली, आप्पा मोटार चालू करायला उठले, तर भाचा म्हणाला मामा तुम्ही बसा, आम्ही बारं मोडून येतो (म्हणजे पाणी पुढच्या वाफ्यात वळवून येतो), फोकस द्या. आप्पांनी दिला. (या एका वाक्यावर पुढे वनखात्याच्या रेंज ऑफिसात दीड तास गेला.)

पोरं पाण्याकडे गेलीच नाहीत. एका मित्राची पिकअप होती, तिच्यात एअरगन होती, ०.१७७ बोअरची, जिला लायसन लागत नाही म्हणून लोक खेळण्यासारखी बाळगतात. दोघं मागे हौद्यात उभे राहिले, एकाच्या हातात फोकस, एकाच्या हातात एअरगन, आणि गाडी बांध ओलांडून माळावर गेली. तिथे तीन चिंकारे दिसले.

आता ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी, रात्री हरणावर उजेड टाकला की आधी हरण दिसतच नाही, दोन हिरवट ठिपके दिसतात. त्यांच्या डोळ्यात मागच्या बाजूला उजेड परत फेकणारा थर असतो, अंधारात कमी उजेडातही दिसावं म्हणून. तोच थर इथे त्यांचा घात करतो, कारण एकदम झगझगीत उजेड पडला की जनावर दिपून जागेवर उभं राहतं. पळायचं कुठे तेच कळत नाही.

मित्राच्या फोनमध्ये याची १९ सेकंदांची क्लिप होती. तिच्यात ते दोन ठिपके, इंजिनाचा आवाज, आणि भाच्याचा आवाज स्पष्ट येतो : “लाईट हलवू नको, लाईट हलवू नको.” मग एक बारीक ‘फट’, आणि चिंकारा उडी मारून उजेडाबाहेर. नंतर गाडी त्याच्या मागे गेली, ते क्लिपमध्ये नाही. चिंकारा पलीकडच्या शेताच्या काटेरी तारेत जाऊन आदळला आणि पुढचा पाय मोडून तिथेच अडकला.

पोरं घाबरून मळ्यात परत आली. एक मित्र म्हणे गाडी काढा, निघून जाऊ. दुसरा जे बोलला ते मी इथे लिहीत नाही, सुरीबद्दल होतं. आप्पा बॅटरी घेऊन तारेपर्यंत चालत गेले, बघितलं, आणि तिथूनच मला फोन लावला. “वकील साहेब, पोरेस्नी घोळ करी टाका. हरीन तारमा अडकी गयं, जित्तं शे अजून.”

अडचण नक्की काय होती

फोनवर आप्पांचा पहिला प्रश्न हा की छर्रा लागलाच नाही, हरण मेलं पण नाही, मग ही शिकार कशी?

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२, कलम २ चं पोटकलम १६. तिथे ‘शिकार’ या शब्दात मारणं आहेच, पण पकडणं, फासे लावणं, आमिष दाखवणं, जनावराला हाकणं हे पण आहे, आणि यातल्या प्रत्येकाचा प्रयत्न पण आहे. म्हणजे छर्रा चुकला तरी प्रयत्न, आणि छर्रा सोडून नुसती गाडी मागे घातली तरी हाकणं. वर कलम ५२, प्रयत्न करणारा आणि मदत करणारा दोघांनाही गुन्हा केल्यासारखंच धरतात. आता फोकस कोणाचा होता? आप्पांचा. इथे माझी झोप उडाली.

दुसरं, चिंकारा अनुसूची १ मधला, म्हणजे कायद्यातल्या सर्वात कडक संरक्षणाच्या यादीतला. लोक चिंकारा, काळवीट, चितळ सगळ्यांना हरीणच म्हणतात (प्राणिशास्त्रात चिंकारा आणि काळवीट हे कुरंग, चितळ-सांबर हे खरे हरीण, पण आमच्याकडे कोणी तसं बोलत नाही), पण कायद्यात अनुसूची बघावी लागते. २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली, त्यानंतर अनुसूची १ च्या जनावराच्या शिकारीला कमीत कमी ३ वर्षं, जास्तीत जास्त ७ वर्षं कैद आणि कमीत कमी २५,००० रुपये दंड. दंड आधी १०,००० होता. कमीत कमी शिक्षा ठरलेली असल्यामुळे पैसे भरून मिटवायची सोय पण नाही, कलम ५४ ची तडजोड इथे चालत नाही. गुन्हा अजामीनपात्र.

आणि आता उजेडाचा मुद्दा, ज्यावरून नंतर खूप गंमत झाली. एका मित्राचे वडील रिटायर्ड क्लार्क, ते तिसऱ्या दिवशी माझ्याकडे कायद्याची प्रिंट घेऊन आले, पिवळ्या पेनाने रेघ मारलेली. म्हणाले, साहेब हे बघा, लाईटचं कलम १७ होतं, ते वगळलंय, म्हणजे आता रात्री लाईट मारायला बंदी नाही. माणूस खोटं बोलत नव्हता. १९७२ च्या मूळ कायद्यात कलम १७ होतं आणि त्यात लिहिलेलं होतं की शिकारीसाठी कृत्रिम उजेड वापरायचा नाही, सूर्यास्त ते सूर्योदय शिकार करायची नाही, चालत्या गाडीतून करायची नाही, पाणवठ्यावर दबा धरून बसायचं नाही. उजेडाला सूट एकच, मांसाहारी जनावर स्वतःच्या भक्ष्यावर आलेलं असेल आणि लायसनमध्ये तशी खास परवानगी असेल तर. तेव्हा लायसन काढून शिकार चालायची म्हणून ‘कशी करायची नाही’ याचे नियम होते. १९९१ च्या दुरुस्तीत लायसनची शिकारच बंद झाली, आणि मग पद्धतीचे नियम ठेवून उपयोग काय, म्हणून ते कलम गेलं. मी त्यांना सांगितलं, काका, दारावर पाटी होती की खिडकीतून आत येऊ नका, मग मालकाने घरालाच कुलूप घातलं आणि पाटी काढली, याचा अर्थ खिडकी मोकळी झाली असा घेता का तुम्ही?

पोरांच्या डोक्यात हे असं कुठून येतं ते पण कळलं. बाहेरच्या देशातले व्हिडिओ. तिकडे सीझन असतो, लायसन असतं, आणि ते असूनही उजेडावर कडक नियम असतात. अमेरिकेत बहुतेक राज्यांत रात्री हरणावर फोकस मारून शिकार करणं हा वेगळा गुन्हा आहे. इंग्लंडच्या डीअर अ‍ॅक्टमध्ये सूर्यास्तानंतरच्या एका तासापासून सूर्योदयाआधीच्या एका तासापर्यंत हरण मारायचंच नाही, आणि योगायोग बघा, तो कायदाही १९९१ चाच. पण आपल्याकडे तुलना करायला जागाच नाही, आपल्याकडे दिवसा उजेडी पण शिकार बंद.

मग फोकस मारणं हा गुन्हा आहे का? नुसतं मारणं, पाण्याला जाताना, डुकराला बांधाबाहेर घालवताना, नाही. पण शिकारीत वापरला तर तो पुरावा आणि मुद्देमाल दोन्ही होतो, कारण कलम ५० खाली गाडी, हत्यार, साधन सगळं जप्त करता येतं, आणि ‘हत्यार’ शब्दाच्या व्याख्येत जनावराला भुलवू शकणारं किंवा जखमी करू शकणारं कुठलंही उपकरण बसतं. एअरगनला लायसन लागत नाही म्हणून ती हत्यार नाही, हा समज पण तिथेच संपतो.

समोर कोणते पर्याय होते

रात्री पाऊण वाजता आप्पांसमोर चार रस्ते होते.

पहिला, काही बघितलंच नाही असं करून झोपणं. सकाळी तारेचा मालक येणार, त्याला दिसणार, गाडीचे चाकोरे सरळ आप्पांच्या बांधापर्यंत आलेले. आणि मित्राने तोपर्यंत क्लिप व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसला टाकलेली होती, हे आम्हाला दुसऱ्या दिवशी कळलं.

दुसरा, सुरीवाला. त्यावर बोलत नाही.

तिसरा जरा मोहाचा होता, आणि भाचा त्याच्यावरच अडून बसलेला, की आपणच गाडीत घालून तालुक्याच्या गुरांच्या डॉक्टरकडे नेऊ, वाचलं तर सोडून देऊ. ऐकायला माणुसकीचं वाटतं. पण वन्यप्राणी सरकारची मालमत्ता, तो ताब्यात आला तर ४८ तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा वन अधिकाऱ्याला कळवावं लागतं, आणि रस्त्यात कोणी अडवलं तर पिकअपमध्ये एअरगन, फोकस आणि पाय मोडलेला चिंकारा, हे चित्र कोणाला समजावणार?

चौथा, १९२६ ला फोन. वनखात्याची हेल्पलाईन, चोवीस तास.

मी आप्पांना म्हटलं चौथा. आणि हेही म्हटलं की हा फोन केला तर भाचा अडकेल. फोनवर थोडा वेळ नुसता वाऱ्याचा आवाज येत होता. मग ते म्हणाले, लावतो.

काय केलं

१९२६ ला फोन लागला, तिथून बीटच्या गार्डला निरोप गेला, तो सव्वादोनला मोटरसायकलवर आला, गाडी आणि डॉक्टर सकाळी. तोपर्यंत आप्पांनी मी सांगितल्याप्रमाणे चिंकाऱ्याच्या डोळ्यांवर गोणपाट टाकलं, लांब बसले, कोणाला बोलू दिलं नाही. अंधार केला की जनावर शांत होतं. तार कापायची घाई केली नाही, नाहीतर मोडक्या पायावर उठून पळालं असतं.

पोरांनी दरम्यान फोनमधून क्लिप उडवली. मी फोनवर स्पष्ट सांगितलं होतं की काही डिलीट करू नका, पुरावा नाहीसा करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २३८ खाली वेगळा गुन्हा आहे, पण घाबरलेला माणूस ऐकतो का. उपयोग शून्य झाला, स्टेटसचा स्क्रीन रेकॉर्ड गावातल्याच एका पोराकडे होता.

सकाळी पंचनामा. बांधापासून तारेपर्यंत चाकोरे मोजले, साधारण आठशे मीटर. हे आठशे मीटर लक्षात ठेवा. पिकअप, एअरगन, फोकस, चार फोन जप्त. पीओआर, म्हणजे वनखात्याचा प्राथमिक गुन्हा अहवाल, फाटली. चौघं पोरं रेंज ऑफिसला, आप्पांचा जबाब वेगळा. आप्पांनी जे होतं ते सांगितलं : फोकस मी दिला, पाण्यासाठी दिला, माळावर न्यायला दिला नव्हता, फोन मी केला.

चिंकारा दुसऱ्या दिवशी दुपारी गेला. पोस्टमॉर्टेममध्ये छर्रा सापडला नाही. पाय मोडलेला, आणि धावपळ-भीतीने स्नायू खराब होतात तो प्रकार, कॅप्चर मायोपॅथी म्हणतात. हरणवर्गात हे फार होतं, पकडलेलं किंवा पाठलाग केलेलं जनावर वरून बरं दिसतं आणि नंतर जातं. म्हणजे बंदुकीने मारलंच नाही हे खरं, आणि मेलं ते फोकस आणि गाडीमुळे, हेही खरं.

आता माझी चूक. आप्पांच्या बहिणीच्या नवऱ्याने, म्हणजे भाच्याच्या वडिलांनी, रडून वकीलपत्र पुढे केलं आणि मी भाच्यासाठी जामिनाचा अर्ज टाकला, त्यात ठोकून दिलं की पोरं पिकाच्या संरक्षणासाठी जनावरं हाकत होती. सरकारी वकिलांनी दोन मिनिटांत उडवलं. हरभरा बांधाच्या आत, चिंकारा बांधापासून आठशे मीटर बाहेर, वनजमिनीत, आणि क्लिपमध्ये आवाज ‘लाईट हलवू नको’. जनावर हाकलायला आलेला माणूस फोकस हलवतो, हुर्र करतो, डबा वाजवतो. लाईट स्थिर धरायची ती नेम धरायला. वर कायद्याचं पण धड नव्हतं, कारण कलम ११ मध्ये उभ्या पिकाचं कारण आहे ते अनुसूची २ च्या जनावरांसाठी, म्हणजे रोही, रानडुक्कर, तेही अधिकाऱ्याची लेखी परवानगी असेल तर. अनुसूची १ साठी माणसाच्या जिवाला धोका किंवा जनावर बरं न होण्याइतकं जखमी-आजारी, एवढीच कारणं. चिंकाऱ्यापासून माणसाच्या जिवाला धोका! मॅजिस्ट्रेट साहेबांनी चष्म्यावरून बघितलं आणि अर्ज फेटाळला.

सेशन्सला गेलो तेव्हा ही ओळच काढली. आधीचा गुन्हा नाही, जप्ती पूर्ण, तपासाला हजर, जनावराची माहिती याच बाजूने दिली गेली, एवढंच मांडलं. कलम ५१-अ ची जामिनाची कडक अट आधी या कायद्यात शिक्षा झालेल्यांसाठी आहे, ते दाखवलं. तेरा दिवसांनी जामीन.

सध्या कुठे आहे

पिकअप दोन महिन्यांनी सुपूर्तनाम्यावर, म्हणजे अटी लिहून देऊन तात्पुरत्या ताब्यात, सुटली. वनखात्याचं म्हणणं होतं की जप्त झाली म्हणजे सरकारची झाली, पण मध्य प्रदेश सरकार विरुद्ध मधुकर राव, सुप्रीम कोर्ट २००८, त्यात सांगितलंय की खटला चालू असताना मॅजिस्ट्रेट गाडी अंतरिम ताब्यात देऊ शकतात आणि नुसत्या जप्तीने मालकी जात नाही. त्यासाठीचं जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतलं कलम ४५१ आता बीएनएसएसमध्ये (भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत) ४९७ झालंय. गाडी विकायची नाही, रंग बदलायचा नाही, बोलावलं की हजर करायची. शिक्षा झालीच तर ती सरकारजमा होऊ शकते, हे मालकाला चार वेळा सांगितलं, दर वेळी तो म्हणतो पण हप्ते चालूयत ना साहेब.

चौघांवर वनखात्याने कोर्टात तक्रार दाखल केलीय. आप्पा आरोपी नाहीत, साक्षीदार आहेत. खटला उभा राहायचाय, आणि असले खटले किती चालतात ते जोधपूरच्या काळविटाने सगळ्या देशाला दाखवलंय, घटना १९९८ ची आणि खालच्या कोर्टाचा निकाल २०१८ ला. भाच्याची नाशिकची नोकरी गेली. दर तारखेला येतो, कोर्टाबाहेरच्या टपरीवर एकटाच चहा घेतो.

आता वेगळं काय केलं असतं

माझ्यापासून सुरू करतो. मी भाच्याचं वकीलपत्र घ्यायलाच नको होतं. रात्रीचा पहिला फोन मला आलेला, जनावर जिवंत होतं हे मला आप्पांनी सांगितलेलं, म्हणजे उद्या मीच साक्षीदार होऊ शकतो, आणि माझ्या सल्ल्यावर फोन करणारा माणूस माझ्याच अशिलाच्या विरोधात साक्ष देणार. जामीन झाल्यावर सोडलं ते ठीक, पण तेरा दिवस उशिरा सोडलं. आणि पिकाचं कारण. अशा केसमध्ये आमच्याकडे पहिलं तोंडात हेच येतं, कारण रोह्यांचा त्रास खरा आहे, पण खरा त्रास खोट्या जागी वापरला की पुढच्या खऱ्या शेतकऱ्याचं पण कोणी ऐकत नाही.

आप्पांच्या बाबतीत मला एकच जागा दिसते. रोह्यांनी दोन वर्षं नुकसान केलेलं, पण त्यांनी एकदाही वनखात्याकडे अर्ज दिलेला नव्हता, नुकसानभरपाईचा पंचनामा नाही, परवानगीचा अर्ज नाही. कागद असता तर फोकस घरात का आहे याचं उत्तर आधीच फाईलला असतं, दीड तास त्यावर घालवावा लागला नसता. फोन लवकर केला, क्लिपला हात लावला नाही, जबाब फिरवला नाही, या तीन गोष्टींनी ते कलम ५२ मधून वाचले असं मला वाटतं. एक साक्षीदार आणि एक आरोपी यांच्यात त्या रात्री फार तर अर्ध्या तासाचं अंतर होतं.

पोरांच्या बाजूने, गाडी बांधावर थांबली असती तरी चाललं असतं. उजेडात ठिपके दिसले, बघितले, परत फिरले, तर तो गुन्हाच नव्हता. एअरगन उचलली तिथे एक वळण, आणि छर्रा चुकल्यावर गाडी मागे घातली तिथे दुसरं. जनावर मेलं ते दुसऱ्या वळणामुळे. पहिल्यावर थांबले असते तर प्रयत्नाचा गुन्हा राहिलाच असता, पण चिंकारा माळावर असता.

गावात अजून दोन तट आहेत. काही म्हणतात आप्पांनी स्वतःच्या भाच्याला अडकवलं, हरणापायी. यंदा आखाजीला (अक्षय तृतीयेला) बहीण माहेरी आली नाही. झोका बांधलेला होता, खापरावरचे मांडे केलेले होते, आप्पा संध्याकाळपर्यंत ओट्यावर बसून होते, मी तिथेच होतो. निघताना त्यांनी विचारलं, साहेब, तो फोकस केव्हा सुटेल, परत घ्यावा लागेल का नवा? मी म्हटलं, निकालापर्यंत मुद्देमालात राहील. मग म्हणाले, राहू द्या, आणि साधी बॅटरी घेऊन मोटार चालू करायला गेले, त्या आठवड्यात लाईट रात्रीचीच होती.